‘पाऊस थांबला का?’: एएलएसने गेलेल्या माणसाची आठवण

प्रश्न, थोडक्यात: माझ्या वडिलांना एएलएस होता, म्हणजे हालचालीच्या चेतापेशी निकामी होऊन स्नायू दुबळे होत जाण्याचा आजार. सुरुवात बोलण्यापासून झाली आणि साडेतीन वर्षांनी ते गेले. आता अकरा महिने होत आले. डोळ्यांसमोर येतात ते फक्त शेवटचे सहा महिने: श्वासाच्या यंत्राचा मास्क, लाळ ओढून काढणाऱ्या सक्शनचा आवाज, अन्नासाठी पोटात घातलेली नळी. त्यांचा मूळ आवाज आठवतच नाही. ‘बाबा’ म्हटलं की ते ज्यातून बोलायचे त्या टॅबलेटमधला यंत्राचा आवाज कानात येतो. जुनी एक १४ सेकंदांची क्लिप आहे, पण ती लावायचा धीर होत नाही. शेवटी शेवटी ते फार हेकट झाले होते. आत्या गेल्याचं सांगितलं तेव्हा मोठमोठ्याने हसले, ते घरात कुणीच विसरलेलं नाही. ज्या पहाटे ते गेले, त्या रात्रीचा मॉर्फिनचा डोस मी दिला होता. सगळे म्हणतात, आजारपण विसर, आधीचे बाबा आठव. ते जमत नाही. वर्ष पूर्ण होईल तेव्हा घरचे जमणार आहेत आणि मी चार शब्द बोलावेत असं ठरलंय. काय बोलू? आणि आजोबा जिच्यावरची अक्षरं निवडून बोलायचे ती अक्षरपाटी घेऊन माझा सात वर्षांचा मुलगा खेळतो, ते थांबवू का?

उत्तर:

मी स्पीच थेरपिस्ट आहे. गेली बावीस वर्षं माझ्याकडे एएलएसचे रुग्ण येतात. आधी बोलणं टिकवायला, मग गिळणं सांभाळायला, आणि बोलणं गेलं की दुसरी वाट शोधायला. माणूस गेला की माझं काम कागदोपत्री संपतं, पण घरचे लोक परत येतात. कुणी उसनी नेलेली पाटी द्यायला येतं, कुणी नुसतंच. पाच मिनिटांसाठी आलेली व्यक्ती दीड तास बसते. पुढे जे लिहितेय ते बरंचसं त्या दीड तासांतून आलंय.

आधी मॉर्फिनचं बोलून घेऊ. ते मनात असेपर्यंत बाकीचं काही वाचून उपयोग नाही.

एएलएसमध्ये शेवट बहुतेक वेळा श्वासाचे स्नायू थकल्यामुळे येतो. छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा दुबळा झाला की श्वास उथळ होतो आणि आतला कार्बन डायऑक्साइड पुरता बाहेर पडत नाही. तो रक्तात साठत जातो आणि माणसाला गुंगी आणतो. सकाळी डोकं जड वाटतं, मग दिवसाही डोळा लागू लागतो, मग झोप गाढ होत जाते आणि पुष्कळ जण त्या झोपेतच जातात. घरच्यांच्या मनात मात्र पहिल्या दिवसापासून वेगळंच चित्र असतं: घुसमटून, तडफडून. जर्मनीतल्या १२१ आणि ब्रिटनमधल्या ५० रुग्णांच्या शेवटच्या काळाचा एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले बहुतेक सगळे शांतपणे गेले होते. घुसमटून गेलेला एकही नव्हता. रुग्ण आणि घरचे अजून बोलण्याच्या मनःस्थितीत असतात तेव्हाच हे त्यांना सांगितलं जावं, असं मला नेहमी वाटतं. सांगितलं जात नाही, आणि मग ते चित्र माणूस गेल्यावरही घरात राहतं.

मॉर्फिन देतात ते श्वास अपुरा पडतोय या जाणिवेने जी घाबरगुंडी उडते ती शमवायला, आणि देतात थोड्याच मात्रेत. डॉक्टरांनी ठरवून दिलेली मात्रा तुम्ही ठरलेल्या वेळी दिलीत. त्याने मृत्यू ओढवत नाही. आधीचे कितीतरी डोस याच हातांनी दिले असतील, ते तुम्हाला आठवतही नाहीत. शेवटचा डोस कुणाच्या तरी पाळीत येणारच होता, तो तुमच्या पाळीत आला. तरी शंका राहिलीच, तर ज्यांनी औषध लिहून दिलं त्या डॉक्टरांना जाऊन भेटा आणि त्या रात्रीचं सगळं तासातासाने सांगा. अशा भेटीसाठी कुणी नाही म्हणत नाही. माझ्या माहितीतल्या एका मुलाने दोन वर्षं हाच प्रश्न एकट्याने वाहिला आणि वीस मिनिटांच्या भेटीत तो मोकळा झाला.

आता मूळ गोष्ट. ‘आजारपण विसर, आधीचे बाबा आठव’ हा सल्ला मला पटत नाही. देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण साडेतीन वर्षं म्हणजे काही मधला कागद नव्हे, फाडून टाकला आणि वही पुन्हा कोरी झाली. तुमच्या मुलाचं तर अर्धं आयुष्य ते.

शेवटचेच महिने का दिसतात, याचं कारण मला साधं वाटतं. त्या सहा महिन्यांत तुम्ही पहाऱ्यावर होता. बायपॅपचा, म्हणजे श्वासाला हवेचा जोर देणाऱ्या यंत्राचा, मास्क सैल झाला की हवेचा सूर बदलतो, घशात लाळ साठली की श्वासात घरघर येते, आणि हे सगळं झोपेतसुद्धा ओळखायला तुमचे कान शिकले. शिकले म्हणून बाबा तेवढे दिवस निभावले. माणूस गेल्यावर कानांना कुणी ‘आता जा घरी’ असं सांगत नाही. एक बाई मला सांगत होत्या, नवरा जाऊन आठ महिने झाले तरी शेजाऱ्यांची पाण्याची मोटर सुरू झाली की त्या पलंगावरून उठून दोन पावलं चाललेल्या असायच्या, जाग नंतर यायची. हा पहारा हळूहळू उतरतो. तो उतरला की मागच्या आठवणी पुढे येतात. त्यांना ओढून आणावं लागत नाही.

दुःखाच्या पाच पायऱ्या (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) तुम्हालाही कुणीतरी सांगितल्याच असतील. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी त्या १९६९ मध्ये मांडल्या, त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ती फूटपट्टी नंतर लागली आणि तेव्हापासून लोक आपण कितव्या पायरीवर अडकलोय ते मोजत बसतात. मार्गारेट श्ट्रोब आणि हेंक शूट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये जे मांडलं ते माझ्या अनुभवाशी जास्त जुळतं: माणूस दुःखात जातो, बाहेर येतो, कामाला लागतो, पुन्हा आत जातो, आणि हे जाणं-येणं हेच सावरणं. सकाळी रडून दुपारी विजेचं बिल भरलंत म्हणून स्वतःला कोरडी समजू नका.

आवाजाकडे येते, कारण ते माझं क्षेत्र.

तुमच्या बाबांचा आजार बोलण्यापासून सुरू झाला, म्हणजे आधी जीभ आणि टाळूचा मागचा मऊ भाग दुबळा झाला. हा मऊ भाग नीट उचलला गेला नाही की हवा नाकातून निसटते. मग ‘ब’ चा ‘म’ होतो, ‘द’ चा ‘न’ होतो. असा रुग्ण ‘बाबा’ म्हणायला गेला तर ‘मामा’ ऐकू येतं. जीभ वर वळेनाशी झाली की ट, ठ, ड, ळ लडबडतात. हे एका दिवसात होत नाही. दर आठवड्याला आवाज केसभर बदलतो आणि घरच्यांचे कान तेवढेच सरकतात. परक्याला एक अक्षर कळत नसताना तुम्हाला संपूर्ण वाक्य कळत असायचं, ते यामुळेच. पण याची एक किंमत असते: रोजचा नवा आवाज कालच्या आवाजावर चढत जातो. मूळ आवाज तुम्ही विसरलात तो प्रेम कमी म्हणून नव्हे. रोज नव्याने ऐकत गेलात, म्हणून तो खाली गेला.

आणि यंत्राचा आवाज ‘बाबांचा’ वाटतो, यात विचित्र काही नाही. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, हा आजार असल्याचं निदान झालं. १९८५ मध्ये न्यूमोनिया झाला, श्वासनलिकेला छेद द्यावा लागला आणि उरलंसुरलं बोलणंही गेलं. त्यानंतर जगाने ऐकला तो आवाज डेनिस क्लॅट या अमेरिकी संशोधकाने स्वतःच्या आवाजावरून घडवला होता. पुढे याहून कितीतरी सहज वाटणारे आवाज आले, पण हॉकिंग यांनी तोच ठेवला, कारण त्यांच्या लेखी तो त्यांचा झाला होता. क्लॅट १९८८ मध्ये वारले. त्यांच्या घशातून निघालेला आवाज हॉकिंग २०१८ मध्ये जाईपर्यंत, म्हणजे पुढची तीस वर्षं, दुसऱ्याचा म्हणून बोलत राहिला. आवाज कुणाचा हे घशावरून ठरत असतं तर हे झालंच नसतं. तुमच्या बाबांनी त्या टॅबलेटमधून तुम्हाला हाका मारल्या, झापलं, बहुधा चेष्टाही केली असेल. मग कानांनी तो त्यांच्या नावावर जमा केला, तर चुकलं कुठे?

(ज्यांच्या घरचं माणूस अजून बोलू शकतंय, त्यांच्यासाठी मध्येच एक वाक्य: आजच रेकॉर्ड करा. आवाजाचे नमुने देऊन त्यावरून यंत्राचा आवाज घडवणं वेगळं, आणि माणसाने स्वतःच्या सुरात बोललेली वाक्यं साठवणं वेगळं. दुसऱ्या प्रकारावर बॉस्टनमधले स्पीच थेरपिस्ट जॉन कॉस्टेलो यांनी बरंच काम केलंय. मला जमलं तर मी दोन्ही करून घेते. पण एकच जमणार असेल तर दुसरं. ‘अगं ऐक ना’, ‘गप रे’, शीळ, खोकला, हसण्याचा आवाज. औषधांची नावं यंत्र म्हणेल.)

आता माझीच एक चूक सांगते. या कामात मी नवीन होते तेव्हाची.

एक गृहस्थ होते. आयुष्यभर छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवण्याचं काम केलेले. हातपाय गेले होते, वाचा गेली होती, डोळे शाबूत होते. या आजारात डोळे फिरवणारे स्नायू सहसा शेवटपर्यंत टिकतात. आम्ही अक्षरपाटीवर काम करत होतो. तुम्हाला ती ठाऊक आहे, पण वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते: मी एकेक ओळ म्हणायची, स्वर, क-ओळ, च-ओळ, ट-ओळ. हव्या त्या ओळीला त्यांनी पापणी मिटायची. मग ओळीतलं अक्षर, मग काना, वेलांटी, उकार. एक ‘पा’ मिळायला तीन वेळा पापणी मिटावी लागते आणि चुकलं तर पहिल्यापासून.

त्या दिवशी ‘पा’ आला. मी लगेच विचारलं, “पाणी?” नाही. “पाय? पाय सरळ करू?” नाही. “पाठ दुखतेय?” त्यांनी डोळे मिटले आणि उघडलेच नाहीत. मला वाटलं, दमले. वहीत तसं लिहूनही टाकलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नीने हसत हसत वही पुढे केली. मी गेल्यावर त्यांनी बायकोकडून ते वाक्य पुरं करून घेतलं होतं: ‘पाऊस थांबला का’. खोलीला खिडकी होती, पण त्यांचा पलंग तिच्याकडे पाठ करून होता. बाईंनी घाईत आधी ‘पाउस’ लिहिलं होतं. ते खोडून शेजारी दीर्घ ऊ काढलेला होता. तीसएक वर्षं खिळे जुळवलेल्या माणसाने पापण्यांनी ऱ्हस्व-दीर्घ तपासून घेतलं होतं.

पाणी, पाय, पाठ. माझे तिन्ही अंदाज आजारपणाचे होते. माणसाला बाहेरचं हवामान जाणून घ्यायचं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तेव्हापासून मी शब्द मध्येच झेलायचा नाही, असा नियम केला. अजूनही तो मोडला जातो कधीकधी.

हे एवढं सविस्तर सांगण्याचं कारण तुमच्या प्रश्नात आहे. आजारपणाच्या आठवणीत बाबा सापडत नाहीत असं वाटतं, कारण त्या काळातलं त्यांचं जे बोलणं लक्षात राहतं ते बहुतेक गरजेचं असतं: कूस, लाळ, मास्क, लघवी. काळजी घेणाऱ्याचे कान त्यावरच लागलेले असतात, आणि असावेच लागतात. पण गरजेचं नसलेलं बोलणंही चालूच होतं. बोलायला इतके कष्ट पडत असताना माणसाने जे गरज नसताना बोललं, त्यात तो सगळ्यात जास्त असतो. ते शोधा.

कुठे शोधायचं, तेही सांगते. टॅबलेटमधल्या बोलण्याच्या ॲपमध्ये आधी बोललेली वाक्यं बऱ्याचदा साठलेली असतात, आणि स्वतः तयार करून ठेवलेल्या वाक्यांची यादी वेगळी असते. टॅबलेट कुणाला देण्याआधी, भाड्याचा असेल तर परत करण्याआधी, हे सगळं उतरवून घ्या. निदान पडद्याचे फोटो तरी काढा. एकदा मशीन पुसलं गेलं की परत मिळत नाही. हा अनर्थ मी दोनदा पाहिलाय. मोबाइलवरचे मेसेज बघा, आईला, मित्रांना, कार्यालयातल्या जुन्या सहकाऱ्यांना पाठवलेले. त्यांच्याकडे मागा. लोक आनंदाने देतात, कारण तुमच्यापाशी विषय कसा काढावा हे त्यांना कळत नसतं.

आणि पाटीवरून उतरवून घेतलेल्या वह्या. त्या रद्दीत जाऊ देऊ नका. त्यांत सुटी अक्षरं असतात, काना-मात्रा गाळलेली, कारण जो तो कष्ट वाचवत असतो. ‘ख ड क उ घ ड’. ‘प य स र ळ’. पानंच्या पानं हेच. मग मध्येच काहीतरी येतं. एका घरच्या वहीत ‘प ख क म’, म्हणजे पंखा कमी, याच्या खाली पुऱ्या काना-मात्रांनिशी लिहिलेलं होतं: ‘हा शर्ट तुला शोभत नाही’. वीसेक मिनिटं तरी लागली असतील. ज्याला सांगितलं तो जावई तेव्हा वैतागला होता. आता तो तीच ओळ सगळ्यांना दाखवतो, आणि तो शर्टही त्याने टाकलेला नाही.

सापडलेल्या ओळींना तारीख घाला, कुणाशी बोलले ते लिहा. दहा-बारा ओळी मिळाल्या तरी पुष्कळ. त्या वाचताना मास्क दिसेलच, तो दिसू द्या. मास्कच्या आत कोण होतं तेही दिसेल.

स्पर्शाचंही तेच. हा आजार हालचालीच्या चेतापेशींचा. झाँ-मार्ताँ शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी १८६९ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि मज्जारज्जूतली नेमकी कुठली जागा बिघडते ते दाखवलं. संवेदना नेणारे मार्ग सहसा त्याच्या तावडीत येत नाहीत. त्यांचे पाय चेपताना, केस विंचरताना ‘यांना कळत तरी असेल का’ असं तुम्हाला वाटून गेलं असेल. कळत होतं. परत दाबण्याइतकी ताकद त्यांच्या बोटांत नव्हती, एवढंच.

आता ते हसणं. आत्या गेल्याचं ऐकून बाबा हसले ते आनंदाने नाही, आणि वेड लागलं म्हणूनही नाही. हसण्यारडण्याच्या हालचालींवर मेंदूचा जो लगाम असतो त्याच्या वाटा या आजारात दुखावल्या जाऊ शकतात. मग भावना एक असते आणि चेहऱ्यावर दुसरंच काही फुटतं, आणि एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही. याला स्यूडोबल्बर अफेक्ट म्हणतात. बोलण्यापासून आजार सुरू झालेल्यांत हे जास्त दिसतं. त्यावर औषधंही आहेत. तेव्हा कुणी हे समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं, कारण असं हसताना त्या माणसाला आतून काय होत असतं हे मी पाहिलंय. हसणं थांबल्यावर एका आजोबांनी पाटीवर मला फक्त दोन अक्षरं दिली: ‘लाज’. घरचे जमतील तेव्हा बाकी काही बोललात नाही तरी चालेल, पण आत्याच्या मुलांना हे जरूर सांगा. त्यांच्या मनात ते हसणं अजून असेल.

हेकटपणाबद्दल मी जरा जपून बोलेन. एएलएस झालेल्यांपैकी साधारण निम्म्यांत विचार करण्यात किंवा वागण्यात थोडाफार फरक पडतो. दर दहांतल्या एखाद्यात तो स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकारापर्यंत जातो. ज्यात मेंदूचा पुढचा भाग दुखावतो, तो प्रकार. माणूस स्वतःपुरतं पाहू लागतो, दुसऱ्याच्या थकव्याची त्याला दखल राहत नाही, एकच गोष्ट धरून बसतो. ‘आईला ताप होता तरी एकदाही विचारलं नाही’ हे गाऱ्हाणं मी किती घरांत ऐकलंय. तुमच्याकडे असं काही असेल तर ते आजाराच्या खात्यावर टाकायला हरकत नाही. पण सगळंच टाकू नका. काही हेकटपणा जुनाच असतो, आईला विचारा, ती हसेल. आणि काही हेकटपणा ज्याच्या हाती दुसरं काहीच उरलेलं नाही त्याचा असतो. उशी दोन बोटं डावीकडे, नाही, एक बोट, नाही, परत. याचा राग आला असेल तर आला. तुम्ही कधी तुसडेपणाने बोलला असाल, पाटी आपटली असेल. बावीस वर्षांत असं एकदाही न झालेलं घर मी पाहिलं नाही. जिथे ‘आम्ही कधीच चिडलो नाही’ असं सांगतात तिथे मी दुसऱ्यांदा विचारत नाही.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण विचारते. ते गेले तेव्हा थोडं हलकं वाटलं होतं का? ‘सुटले बिचारे’ असं भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणतो. आपल्या भाषेत ‘ते सुटले’ आणि बाईमाणसाने म्हटलेलं ‘मी सुटले’ यांत क्रियापद एकच, तसूभर फरक नाही. पहिलं चारचौघांत चालतं, दुसरं स्वतःशीसुद्धा म्हणवत नाही. साडेतीन वर्षं रात्रीचा दिवस केलेल्या शरीराला झोप मिळाली की ते सैल होणारच. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात.

आणखी एक न विचारलेलं. हाताचा, डोळ्याच्या पापणीचा स्नायू फडफडला की तुमच्या पोटात गोळा येत असेल. रुग्णांच्या मुलांत हे इतकं सर्रास आढळतं की मी आता आपणहून सांगते. नुसती फडफड निरोगी माणसांतही होते, दमल्यावर, जागरणाने, चहा-कॉफीने. ताकद कमी होत नसेल तर तिला फारसा अर्थ नसतो. एएलएसच्या दर शंभर रुग्णांत पाच ते दहांच्या घराण्यात हा आजार आधी असतो. तुमच्याकडे दुसरं कुणी नसेल तर तुमचा धोका इतरांहून थोडासाच जास्त धरतात. तरी धास्ती जात नसेल, तर रक्त तपासण्याच्या आधी जनुकीय समुपदेशकाशी बोला. उत्तर कळल्यावर ते परत ‘न कळलेलं’ करता येत नाही. आधी तपासणी, मग विचार हा क्रम मला पसंत नाही.

दुःखासाठी मदत केव्हा घ्यावी, तेही थोडक्यात. सहा महिने उलटून गेल्यावरही ओढ आणि यातना जराही सैल होत नसतील, रोजचं काम, जेवणखाण, मुलाकडे बघणं अडत असेल, जगूच नये असं वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठा. शेवटचं असेल तर आजच. तुमच्या लिहिण्यात मला तसं दिसलं नाही, पण मी तुम्हाला पाहिलेलं नाही.

क्लिप. आधी तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवा, तेवढ्यासाठी ती ऐकावी लागत नाही. मग घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी आधी ऐकू दे आणि त्यात काय आहे ते तोंडी सांगायला सांगा. कुठे उभे आहेत, काय म्हणतात, मागे कोण बोलतंय. काय येणार हे ठाऊक असलं की धक्का निम्मा होतो. ऐकाल ती दिवसा ऐका, रात्री नको. पहिल्यांदा नुसता परका आवाज वाटण्याची शक्यता आहे, तेव्हा घाबरू नका. कान वर्षानुवर्षं पुढे सरकलेले आहेत, मागे यायला त्यांना दोन-चार खेपा लागतात. तिसऱ्या-चौथ्यांदा एखाद्या शब्दावरचा हेल ओळखीचा लागतो आणि मग त्याच्या मागोमाग बाकीचं येतं. आणि अजिबात ऐकावीशी वाटली नाही, तर राहू दे. ती कुठे पळून जात नाही.

बोलायचं काय? आजाराचा इतिहास सांगू नका, तो तिथे सगळ्यांना पाठ आहे. ‘शूरपणे झुंजले’ हेही माझ्या मते टाळा. ते खोटं असेल असं नाही, पण ते कुणाहीबद्दल म्हणता येतं. वह्यांत आणि टॅबलेटमध्ये सापडलेल्या ओळींपैकी तीन निवडा. प्रत्येक ओळ कुणाला उद्देशून होती, कधी, आणि ती पुरी व्हायला किती वेळ लागला एवढंच सांगा. मग थांबा. एखादी ओळ रागाची असेल तर तीही घ्या. लोक हसतील, मग कुणीतरी म्हणेल, ‘मला तर ते एकदा म्हणाले होते...’ आणि तुमचं काम संपेल. टॅबलेटच्या त्याच आवाजात एखादी ओळ ऐकवायची असेल तर आईला आधी विचारून घ्या. सगळ्यांना सोसतंच असं नाही.

राहिला तुमचा मुलगा. खेळू दे. पाटी शिकण्यात लहान मुलं मोठ्यांपेक्षा लवकर तरबेज होतात, कारण त्यांना वाक्य पुरं करून टाकायची घाई नसते. त्यांच्या लेखी तो खेळच असतो. आजोबांशी खेळायची त्याची तीच जागा होती. त्याच्यासमोर बसा, पाटी त्याच्या हातात राहू दे, आणि पापण्या तुम्ही मिटा. जमून आलं की सहज विचारा, आजोबा तुझ्याशी यावर काय बोलायचे? तो सांगेल ते जसंच्या तसं वहीत उतरवा आणि मध्येच शब्द झेलू नका.